जमिनीवरचा स्विमिंग पूल हिवाळ्यासाठी कसा बंद करायचा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन अशा बर्फाच्या राज्यांत घर घेतलं आणि मागच्या अंगणात आधीच्या मालकाचा, जमिनीवर उभा केलेला गोल पूल आयता मिळाला, की पहिला उन्हाळा मजेत जातो. सप्टेंबर संपत आला की प्रश्न पडतो, आता याचं काय करायचं? पुण्या-मुंबईतला सोसायटीचा पूल गोठत नाही, त्यामुळे घरच्या मोठ्यांना विचारून उपयोग नाही. शेजारी एक सांगतात, दुकानदार दुसरंच सांगतो आणि सोबत चार बाटल्या जास्त विकतो. न्यू जर्सीत आमच्या घरामागे 24 फुटी पूल आहे आणि तो आम्ही दर वर्षी घरीच बंद करतो. नव्या लोकांचा गोंधळ नेमका कुठे होतो ते माहीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पूल रिकामा करायचा नाही. गावी जाताना टाकी रिकामी करून जायची आपली सवय असते, म्हणून बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा हेच येतं. पण या पुलाची भिंत म्हणजे पातळ पत्रा असतो. ती सरळ उभी राहते ती आतल्या पाण्याच्या दाबामुळे. 24 फुटी पुलात चार फूट पाणी असेल तर ते साधारण 13,500 गॅलन होतं, म्हणजे 50 टनांहून जास्त वजन. ते काढून टाकलंत तर जानेवारीतल्या वाऱ्यापुढे उरतो नुसता पत्रा. शिवाय आतलं व्हिनाइलचं लायनर, म्हणजे अस्तर, पाण्याविना आकसतं, कडक होतं आणि पुन्हा पाणी भरताना जोडावर फाटतं.

मग थंडीने नुकसान होतं ते कशाचं? पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. पुलातल्या मोकळ्या पाण्याला फुगायला वर जागा असते. पंपात, फिल्टरच्या टाकीत, नळ्यांत आणि स्किमरमध्ये (भिंतीला टांगलेल्या, पाणी ओढून घेणाऱ्या डब्यात) अडकलेल्या पाण्याला ती नसते, म्हणून तिथलं प्लास्टिक तडकतं. तेव्हा आपल्याला कामं दोनच करायची आहेत: अडकलेलं पाणी काढायचं आणि पुलात राहिलेलं पाणी वसंतापर्यंत स्वच्छ ठेवायचं. पुढची प्रत्येक पायरी या दोनपैकी एकासाठी आहे.

## 1. दिवस ठरवा, पण थर्मामीटर बघून

पाण्याचं तापमान सलग काही दिवस 60 अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा खाली राहिलं की पूल बंद करायची वेळ आली. त्याहून गरम पाण्यावर कव्हर टाकलंत तर आत शेवाळ वाढत राहतं आणि एप्रिलमध्ये कव्हर काढल्यावर हिरवं पाणी दिसतं. लेबर डे झाला, मुलांच्या शाळा सुरू झाल्या म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूल झाकणारे पुष्कळ आहेत. ती घाई महागात पडते, कारण त्यानंतरही पाणी कितीतरी दिवस कोमट असतं.

मध्य न्यू जर्सीत ही वेळ बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. आपल्याकडे "दसऱ्याच्या सुट्टीत उरकून टाकू" म्हणायची पद्धत आहे, पण दसरा दर वर्षी सरकतो. 2025 साली तो 2 ऑक्टोबरला होता, 2026 साली अधिक महिन्यामुळे 20 ऑक्टोबरला. म्हणून पंचांगाऐवजी पाण्यात थर्मामीटर टाकून बघा. उशिराची हद्द एकच: रात्रीचं तापमान 32 अंशांच्या खाली जायच्या आत पंप आणि नळ्या रिकाम्या झालेल्या हव्यात.

## 2. सामान आणि कागद आधी गोळा करा

ऑक्टोबरमध्ये दुकानांतून नेमक्या मापाची कव्हरं संपलेली असतात, म्हणून हे सामान सप्टेंबरमध्येच आणून ठेवा:

- हिवाळी कव्हर, पुलापेक्षा तीन-चार फूट मोठं, सोबत तारेची दोरी आणि ती आवळायचा विंच
- हवेची उशी आणि ती बांधायला दोरी
- रिटर्नच्या, म्हणजे पाणी पुलात परत येतं त्या भोकासाठी रबरी बूच, आणि पाणी खाली आणणार नसाल तर स्किमरचं झाकण (पायरी 5)
- पाण्याची तपासणी करायचा किट
- शॉक (क्लोरीनचा एकदम मोठा डोस देणारी पावडर), 60 टक्के पॉलिक्वॅट (बिनफेसाचं शेवाळनाशक रसायन) असलेलं शेवाळनाशक, गरजेनुसार पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) वाढवायची किंवा कमी करायची पावडर
- ब्रश, व्हॅक्यूम, पानं काढायची जाळी
- कव्हरवरचं पाणी उपसायचा छोटा पंप
- पानांसाठी वेगळी बारीक जाळी, अंगणात ओक किंवा मेपल असेल तर नक्कीच

कागदांपैकी पंप आणि फिल्टरची मॅन्युअल्स शोधून ठेवा. आधीच्या मालकाने दिली नसतील तर मशीनवरचा मॉडेल नंबर घेऊन ती कंपनीच्या साइटवरून उतरवता येतात. लायनरची वॉरंटी असेल तर ती वाचा, कारण पाणी किती खाली न्यायचं हे काही वॉरंट्यांमध्ये लिहिलेलं असतं. घराच्या विम्यात बर्फाने पूल कोसळण्याचा समावेश आहे का, हे एजंटला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. पुलाचं पाणी कुठे सोडायला परवानगी आहे ते टाउनशिपला फोन करून विचारा. क्लोरीनचं पाणी पावसाळी गटारात किंवा शेजाऱ्यांच्या हद्दीत सोडणं बऱ्याच ठिकाणी नियमाविरुद्ध आहे. क्लोरीन पूर्ण उतरल्यावर आपल्याच हिरवळीवर हळूहळू सोडणं हा साधा मार्ग.

## 3. आधी स्वच्छता, मग रसायनं

पानं काढा, भिंती ब्रशने घासा, तळ व्हॅक्यूम करा. इथे कंटाळा करू नका. तळाशी राहिलेली मूठभर ओकची पानं हिवाळाभर कुजतात, त्यांचा चहासारखा रंग लायनरमध्ये मुरतो आणि तो डाग वसंतात क्लोरीन टाकूनही पूर्ण जाईलच असं नाही. पाण्याच्या रेषेवर सनस्क्रीनचा तेलकट पट्टा बसलेला असतो, तो मऊ स्पंजने पुसा. घासायची तारेची जाळी लायनरला लावायची नाही.

मग पाणी तपासा. आकडे असे हवेत: पीएच 7.2 ते 7.6, अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएम (दहा लाख भागांतले भाग). अल्कलिनिटी आधी जागेवर आणा आणि नंतर पीएच, कारण पहिलीला हात लावला की दुसरा हलतो.

## 4. शॉक आज, शेवाळनाशक नंतर

दुकानात "क्लोजिंग किट" नावाचा डबा मिळतो आणि त्यातलं सगळं एकाच दिवशी ओतायचं असा समज असतो. तसं करू नका. शॉकने पाण्यातला क्लोरीन एकदम चढतो आणि इतका क्लोरीन शेवाळनाशकच खाऊन टाकतो. पैसे दोन्हीचे जातात आणि काम एकाचंच होतं.

क्रम असा ठेवा. पूल बंद करायच्या चार-पाच दिवस आधी, सूर्य मावळल्यावर शॉक टाका. कॅल्शियम हायपोक्लोराइटचं एक पौंडाचं पाकीट साधारण 10,000 गॅलनला पुरतं, तरी पाकिटावरचं प्रमाण वाचाच. ही पावडर सरळ पुलात टाकली तर दाणे तळाशी बसतात आणि लायनरवर पांढरे ठिपके उमटतात. आधी बादलीत पाणी घ्या, त्यात पावडर टाका, ढवळा आणि मग पंप चालू ठेवून कडेने ओता. पाण्यात पावडर टाकायची, पावडरवर पाणी कधीही नाही. रोज क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर त्यांचा डबा, त्यांचा चमचा आणि ही पावडर यांची गाठ पडू देऊ नका. दोन जातींचं क्लोरीन एकमेकांत मिसळलं तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. ॲसिडही यांच्याजवळ ठेवायचं नाही.

रोज क्लोरीन मोजा. तो 3 पीपीएमच्या खाली आला की शेवाळनाशक टाका आणि रात्रभर पंप चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. स्वस्तातलं 10 टक्केवालं फेस करतं आणि तांब्याचं असेल तर डाग पाडू शकतं, म्हणून आम्ही 60 टक्के पॉलिक्वॅटच घेतो. क्लोरीनच्या गोळ्यांचा तरंगता डबा कव्हरखाली सोडून द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो वाहत एका कडेला जाऊन अडकतो आणि तिथलं लायनर महिनोनमहिने ब्लीच होत राहतं.

## 5. पाणी किती खाली आणायचं

सगळ्यात जास्त मतभेद याच पायरीवर ऐकायला मिळतात. मार्ग दोन आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फक्त एक धरला की त्याचेच नियम पाळायचे.

पहिला मार्ग म्हणजे पाणी स्किमरच्या तोंडाखाली चार ते सहा इंच आणणं. स्किमर म्हणजे भिंतीला बाहेरून टांगलेला तो प्लास्टिकचा चौकोनी डबा. त्याच्या तोंडाशी बर्फ धरला की डबा तडकतो, म्हणून पाणी त्याच्यापासून दूर न्यायचं. रिटर्न, म्हणजे स्वच्छ पाणी पुलात परत येतं ते भोक, कुठल्या उंचीवर आहे तेही बघा. ते पाण्याखाली राहत असेल तर त्यातली गोल जाळी काढून आतून रबरी बूच घट्ट बसवा, नाहीतर नळी सोडवताच पाणी बाहेर यायला लागेल. यापेक्षा जास्त पाणी काढू नका. हिवाळ्यात कव्हर पाण्यावर टेकून राहायला हवं. पाणी फार खाली गेलं तर बर्फाचं सगळं ओझं वरच्या कडेला लोंबकळतं आणि भिंत आत ओढली जाते.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी खाली न आणता स्किमरच्या तोंडावर हिवाळी झाकण बसवणं. हे झाकण तुमच्या स्किमरच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावं लागतं आणि त्यासाठी तोंडावरची चौकट एकदा बदलावी लागते. झाकण बसलं की स्किमरची खालची नळी सोडवून त्यातलं पाणी काढायचं आणि ते खालचं भोक हिवाळाभर उघडंच ठेवायचं, म्हणजे वरून आत शिरलेलं पावसाचं पाणी खाली निघून जाईल. काळजीपोटी तिथे बूच मारलं तर सगळी मेहनत वाया जाते. रिटर्नला बूच हवंच. आमच्याकडे बर्फ बऱ्यापैकी पडतो, म्हणून मी हाच मार्ग धरतो: पाणी वर राहतं, कव्हरला भक्कम टेकू मिळतो आणि वसंतात हजारो गॅलन पुन्हा भरावे लागत नाहीत.

## 6. पंप, फिल्टर आणि नळ्या

सँड फिल्टर असेल तर शेवटचं बॅकवॉश (पाणी उलटं फिरवून आतली वाळू धुणं) पंप चालतोय तोवरच उरकून घ्या. मग पॅनेलमधला पंपाचा ब्रेकर बंद करा. नुसतं बटण बंद केलं तर टायमर पंप पुन्हा चालू करू शकतो आणि पाण्याविना पंप जळतो.

सँड फिल्टर असेल तर आता टाकीच्या तळाशी असलेला ड्रेन प्लग काढा. पाणी पटकन निघत नाही. वाळूतून तासभर झिरपत राहतं, तेव्हा घाई करून प्लग परत लावू नका. वाळू काढायची गरज नाही. वरच्या व्हॉल्व्हचा दांडा दाबून दोन खुणांच्या मधोमध सोडा. व्हॉल्व्हवर "विंटर" अशी खूण असेल तर तिथे. त्यामुळे आतल्या रबरावर हिवाळाभर दाब राहत नाही. व्हॉल्व्हच्या बाजूला पाणी दिसायची काचेची छोटी बाटली असते, तीही फिरवून काढा. तिच्यात चमचाभर पाणी राहिलं तरी ती फुटते.

कार्ट्रिज फिल्टर असेल तर कार्ट्रिज पाण्याच्या धारेने धुऊन, वाळवून घरात आणा.

पंपाला बहुधा दोन ड्रेन प्लग असतात, एक पुढच्या टोपलीच्या खाली आणि दुसरा मागे मोटरच्या बाजूला. दुसरा लोकांना सापडतच नाही आणि पंप तिथेच तडकतो. मॅन्युअलमधलं चित्र बघून दोन्ही काढा. प्लगांवर बांगडीसारखी बारीक रबरी रिंग असते, ती गवतात पडली तर सापडत नाही. सगळे प्लग, रिंगा, दाबाचं घड्याळ आणि रिटर्नची जाळी एका झिपच्या पिशवीत घालून पिशवी पंपाच्या टोपलीतच ठेवा. पंप उचलता येत असेल तर गराजमध्ये न्या, नळ्या सोडवून, पाणी झटकून गुंडाळा. सॉल्ट सेल (मिठापासून क्लोरीन बनवणारा भाग) असेल तर तोही काढून आत आणा.

जमिनीवरच्या पुलात नळ्या सुट्या होतात, त्यामुळे अँटीफ्रीझ सहसा लागत नाही. कुठे पाइप जमिनीत गाडलेला असेल आणि वापरावंच लागलं, तर पुलासाठीचं प्रॉपिलीन ग्लायकॉलवालंच घ्या. गाडीचं अँटीफ्रीझ विषारी असतं, ते इथे चालत नाही.

## 7. शिडी, उशी, कव्हर

शिडी किंवा आतल्या पायऱ्या बाहेर काढा. बर्फात अडकलेली शिडी लायनर फाडते. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे. शिडी काढली की लहान मुलांना वर चढायचा रस्ता बंद होतो. या पुलांचं साधं कव्हर म्हणजे ताडपत्री असते, मुलाचं किंवा कुत्र्याचं वजन ते पेलत नाही. कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावा आणि पाहुणे येणार असतील, विशेषतः दिवाळीच्या गर्दीत, तर मुलांच्या आईवडिलांना आधी सांगून ठेवा.

हवेची उशी कव्हर उचलून धरण्यासाठी असते असं वाटतं. तिचं खरं काम आहे बर्फाला आतल्या बाजूला दबायला जागा देण्याचं, म्हणजे तो भिंतीला बाहेर रेटत नाही. म्हणून ती दोन तृतीयांशच फुगवा. टम्म फुगवलेली उशी दाबाखाली फुटते. तोंडावर डक्ट टेप लावा आणि समोरासमोरच्या कडांना दोऱ्या बांधून ती मधोमध राहील असं बघा.

कव्हर टाकायला दोघं तरी हवेत, आणि वारा नसलेला दिवस. कव्हर कडेवरून बाहेर सारखं उतरवा, कडेच्या भोकांतून तार ओवा, दोन्ही टोकं विंचमध्ये घालून आवळा. इथे हात आवरता घ्यायचा असतो. बाहेरून तार घट्ट हवी, पण मधलं कापड ढोलासारखं ताणलेलं नको. ते सैल राहून पाण्यावर टेकलं पाहिजे. वारा फार असेल तर कव्हरच्या बाहेरच्या पट्टीवरून प्लास्टिकची रुंद चिकटफिल्म पूलभर गुंडाळा, ती वाऱ्याला खाली शिरू देत नाही. कव्हरवर विटा किंवा लाकडाचे ओंडके ठेवू नका, ते घसरून आत पडले की लायनर फाटतं. पाण्याने भरायच्या लांब पिशव्या दुकानात दिसतील, त्या जमिनीत खोदलेल्या पुलांसाठी आहेत.

शेवटी पानांची जाळी वरून टाका आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. विम्याचा प्रश्न आलाच तर तारखेचे फोटो उपयोगी पडतात.

## 8. नोव्हेंबर ते मार्च

थँक्सगिव्हिंगच्या सुमारास झाडं रिकामी झाली की पानांसकट जाळी उचलून घ्या. त्यानंतर पाऊस किंवा बर्फ वितळून कव्हरवर पाणी साचलं की छोट्या पंपाने उपसा आणि काम झालं की पंप घरात आणा.

इथे एक मोठा सापळा आहे. कव्हरला बारीक भोक पडलेलं असेल तर हा पंप कव्हरवरचं पाणी संपल्यावर त्या भोकातून पुलातलंच पाणी ओढत राहतो. पंप लावून कामाला निघून गेलात तर संध्याकाळपर्यंत पूल धोक्याच्या पातळीखाली गेलेला असू शकतो. म्हणून पंप चालू असताना जवळ थांबा. डबकं लहान होत नाही आणि पाणी गढूळ असायच्या ऐवजी स्वच्छ यायला लागलं, तर लगेच बंद करून भोक शोधा. कव्हरला लावायचे चिकटपट्टीचे तुकडे मिळतात.

कव्हरवर बर्फ गोठला असेल तर त्याला हात लावू नका. फोडू नका, मीठ टाकू नका, गरम पाणी ओतू नका. ताजा हलका बर्फ मऊ झाडूने कडेवरून ओढता आला तर ओढा, फावडं वापरू नका. मोठ्या वाऱ्यानंतर विंच सैल झालाय का ते बघा. पाऊसपाणी नसताना कव्हर मधोमध खाली खाली जायला लागलं तर आत पाणी गळतंय असं समजा. बर्फ वितळलेल्या दिवशी होज लावून पातळी भरून काढा आणि गळती वसंतात शोधा.

## फुगवायचे आणि नुसत्या कापडाचे पूल

वरती हवेची कडा असलेले किंवा सांगाड्यावर कापड ताणलेले पूल वर सांगितलेल्या पद्धतीने हिवाळ्यात उभे ठेवू नका. ते पूर्ण रिकामे करायचे, सुटे करायचे आणि आतबाहेर कोरडे करायचे. घडी घालण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरली तर कापड एकमेकाला चिकटत नाही. ओलसर घडी गराजमध्ये ठेवली तर बुरशी धरते, म्हणून घाई असली तरी एक पूर्ण उन्हाचा दिवस द्या. गराजमध्ये उंदीर येत असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

## कंपनीला बोलावणार असाल तर

चालेल, पण चार प्रश्न आधी विचारा: रसायनं दरात धरली आहेत का, पाणी किती खाली नेणार, पंपाचे दोन्ही प्लग काढणार का आणि सुटे भाग कुठे ठेवणार. ते काम करत असताना घरी थांबा. एकदा नीट बघितलंत की पुढच्या वर्षी स्वतः करता येतं.

पूल उघडताना मेअखेरच्या मेमोरियल डेची वाट बघू नका. एप्रिलच्या उत्तरार्धात, पाणी 60 अंशांच्या वर जायच्या आत कव्हर काढा. त्याआधी कव्हरवरचं काळं पाणी आणि पानं पूर्ण उपसून घ्या, म्हणजे ती घाण पुलात उतरणार नाही. कव्हर धुऊन वाळल्यावरच घडी करा.